काळं नेमकं कशाचं?

काळं पडलेलं भांडं म्हणजे मळलेलं भांडं, अशी माझी समजूत होती. मळ असेल तर साबण आहे, घासणी आहे, मनगटात जोर आहे. त्यात शिकण्यासारखं काय असणार? सिन्नरच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्याचे वासे बदलायला काढले, तेव्हा वरचं सगळं सामान ओसरीत उतरवावं लागलं. तांब्याचा बंब, दोन पितळी समया, एक पितळी पातेलं, चांदीची निरांजनं आणि अत्तरदाणी, ॲल्युमिनियमची किटली, सासूबाईंची विडीची कात्री आणि एका डबीत थोडी जुनी नाणी. सगळं एकाच माळ्यावर, एकाच हवेत पडून होतं. रंग मात्र प्रत्येकाचा निराळा. बंब तपकिरी-काळा आणि तोटीच्या सांध्यापाशी हिरवा. समया मातकट. निरांजनं निळसर काळी. कात्रीचं पातं काळं, मूठ तांबडी. धूळ तर सगळ्यांवर एकच बसली असणार. मग रंग वेगळे कसे, हा प्रश्न एवढी वर्षं भांडी घासूनही मला कधी पडला नव्हता.

सुरुवात बंबापासून केली, कारण तो सगळ्यात मोठा. साबणाचं पाणी, काथ्या, पुन्हा साबण. धूळ गेली, चुलीच्या धुराचा चिकटपणा गेला. तपकिरी रंग मात्र तसाच राहिला, उलट धुतल्यामुळे जास्तच उठून दिसायला लागला. माझी भाची दहावीला आहे. ती विज्ञानाचं पुस्तक घेऊन ओसरीत बसली होती. तिनं ‘धातुविज्ञान’ हा धडा काढला आणि म्हणाली, “मामी, हा मळ नाहीये. हे तांबंच आहे.” मी कला शाखेची, दहावीनंतर रसायनशास्त्राशी माझा संबंध संपलेला. तिनं दोनदा समजावलं तेव्हा कळलं ते असं: तांब्याचा वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, त्याचं कॉपर ऑक्साइड होतं. माझ्या भाषेत, हवा खाल्लेलं तांबं. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांची गाठ पडली की त्याचाच हिरवट कॉपर कार्बोनेट होतो. तोटीपाशी पाणी झिरपायचं, म्हणून हिरवा रंग नेमका तिथे. साबण तेल सोडवतो, आणि इथे सोडवायला तेल नव्हतंच. मी धातूलाच मळ समजून घासत होते.

सासूबाई म्हणाल्या, “चिंच घे, मीठ घे, राख घे.” मी तिन्ही एका वाडग्यात कालवलं. फसफस झाली, करड्या रंगाचा लगदा तयार झाला, तो मी बंबावर थापला आणि चोळत राहिले. काही होईना. सासूबाईंनी वाडग्यात डोकावून विचारलं, “राख आत्ताच कशाला घातलीस? ती शेवटी.” त्यांना कारण माहीत नव्हतं, त्यांच्या सासूबाई तसं करायच्या, एवढंच त्या सांगू शकल्या. कारण आम्ही पुस्तकात शोधलं. चिंच आंबट लागते ती मुख्यतः टार्टारिक आम्लामुळे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियमचे कार्बोनेट असतात, म्हणजे आम्लाच्या बरोबर उलट गुणाचे पदार्थ. दोन्ही एकत्र आले की आम्ल राखेशीच अभिक्रिया करून संपतं. ती फसफस म्हणजे त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. तांब्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. सासूबाईंचा क्रम पाळल्यावर, म्हणजे आधी चिंच-मीठ, मग पाणी, मग राखेचा हलका हात, पुन्हा पाणी आणि कोरडं फडकं, बंबाचा एक पट्टा गुलाबी-केशरी निघाला. मी मात्र पट्टा निघाल्याच्या आनंदात पुढच्या भागाला राख लावायची सोडून दिली. संध्याकाळपर्यंत तो भाग पुन्हा मंद तपकिरी झाला. तांब्यावर उरलेला आंबट ओलावा हवेच्या मदतीनं तिथे काम करतच राहिला होता. राख शेवटी का, याचं उत्तर पुस्तकाआधी बंबानंच दिलं.

भाचीला आता यात गोडी वाटायला लागली होती. बंबाच्या मागच्या बाजूला तिनं खडूनं चौकोन आखले. एकात नुसतं मीठ आणि पाणी, एकात नुसतं लिंबू, एकात लिंबू आणि मीठ. मिठाच्या चौकोनात काही झालं नाही. लिंबाच्या चौकोनात थोडा उजळपणा आला, पण सावकाश. दोन्हींच्या चौकोनात मात्र बोट फिरवताच रंग सुटला. माझा आजवरचा समज असा की मीठ खरखरीत असतं म्हणून घासायला उपयोगी पडतं. म्हणून आम्ही पाण्यात पूर्ण विरघळवलेलं मीठही लिंबाबरोबर लावून पाहिलं. तेही तितकंच चाललं. म्हणजे खरखरीतपणाचा हात त्यात थोडाच. आम्ल ऑक्साइडला विरघळवतं, आणि मिठातला क्लोराइड सुट्या झालेल्या तांब्याला धरून पाण्यातच ठेवतो, त्यामुळे पुढचं विरघळणं सोपं होतं. मीठ आम्लाचं मदतनीस आहे, हे मला इतकी वर्षं लिंबाच्या फोडीवर मीठ टाकून देवाची भांडी घासताना कळलं नव्हतं.

वाडग्यात उरलेलं चिंचेचं पाणी हिरवट-निळं झालं होतं. मी ते झाडाला ओतायला निघाले, तर भाचीनं थांबवलं. तिनं पॉलिश कागदावर घासून चकचकीत केलेला एक लोखंडी खिळा त्यात सोडला. थोड्या वेळानं बाहेर काढला तर बुडलेल्या भागावर तांबूस थर. तो पुसला तर बोटाला तांबूस भुकटी लागली. ही विस्थापन अभिक्रिया. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून लोखंड पाण्यात उतरतं आणि पाण्यातलं तांबं त्याच्या जागी खिळ्यावर बसतं. पुस्तकात धातूंची क्रियाशीलता श्रेणीच दिली आहे: ॲल्युमिनियम वर, मग जस्त, मग लोखंड, कथील, शिसं, त्याखाली हायड्रोजन, त्याच्याही खाली तांबं आणि चांदी. भाची त्या खिळ्यावर खूश होती. मला मात्र त्या खिळ्यावर आमचा बंब दिसत होता. जे तांबं खिळ्यावर बसलं ते बंबावरून आलेलं. प्रत्येक वेळी लखलखीत करताना बंब थोडा पातळ होतो, हे त्या खिळ्यानं डोळ्यांसमोर ठेवलं.

तरीही समयांच्या बाबतीत मी घाई केली. बंबाला चोळून चोळून हात दुखत होते, म्हणून वाटलं, चोळायचं कशाला, भिजतच घालू. रात्री एक समई सुटी करून तिचे भाग घमेल्यात चिंचेच्या पाण्यात बुडवले. सकाळी पाहिलं तर मातकट थर गेला होता, पण समई पिवळी राहिली नव्हती. ती गुलाबी झाली होती. जागोजागी तांब्यासारखे डाग. मी पुन्हा चोळलं, गुलाबी रंग जाईना. सासूबाईंच्या माहेराहून आलेली समई. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

समई घेऊन मी नाशिकला गेले. गोदावरीच्या काठी जुन्या नाशकात भांडी बाजार आहे. तांब्या-पितळेच्या कामासाठी हे गाव पूर्वापार प्रसिद्ध. एका वयस्कर दुकानदारांनी समई हातात घेतली, उजेडाकडे वळवली आणि म्हणाले, “ताई, हिनं जस्त सोडलंय. भिजत घातली होती का?” त्यांनी एका नजरेत ओळखलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, साधारण दोन भाग तांबं तर एक भाग जस्त, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण ते दोघे वेगळे होऊ शकतात हे कधी मनात आलं नव्हतं. क्रियाशीलतेच्या श्रेणीत जस्त हायड्रोजनच्या वर आहे, म्हणून आम्ल त्याला सहज ओढून नेतं. तांबं खाली आहे, ते मागे राहतं. शिवाय पाण्यात उतरलेलं थोडं तांबं परत येऊन पृष्ठभागावर बसतं. गुलाबी रंग म्हणजे जस्त निघून गेलेलं पितळ. श्रेणी मला आदल्याच दिवशी भाचीनं दाखवली होती. ती खिळ्याला लागू होते आणि समईला होत नाही, असं मी का धरून चालले होते कोण जाणे. दुकानदारांनी चाकावर पॉलिश करून गुलाबी थर उतरवून दिला, म्हणजे आणखी थोडी समई उतरवून दिली, आणि सांगितलं, “चिंच लावा, चोळा, लगेच धुवा. पितळ आंबटात ठेवायचं नाही.”

त्याच पिशवीत पातेलंही होतं. आतून ते करडं, डागाळलेलं दिसत होतं आणि मी त्याला घासून काढायचं ठरवलं होतं. दुकानदारांनी पातेल्याच्या आत बोट फिरवलं. “ही कल्हई आहे. थोडी तरी शिल्लक आहे. ही घासून काढलीत तर यात आमटी कळकेल.” कल्हई लावणारा माणूस माझ्या लहानपणी गल्लीत भाता घेऊन बसायचा, तो काय करायचा हे मी रोज पाहिलं असूनही मला ठाऊक नव्हतं. भांडं तापवायचं, आत नवसागराची पूड टाकायची, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं तो पातळ पसरवायचा. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून रस्त्याकडेच्या कोळशावर हे जमतं. आणि तो पांढरा धूर? नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, आणि हे दुसरं आम्ल पितळेवरचा ऑक्साइड खाऊन टाकतं, तेव्हाच कथील चिकटतं. बंबावर मी चिंचेनं जे करत होते तेच काम तो क्षणात, विस्तवावर करत असे. मग त्या उघड्या, स्वच्छ धातूवर लगेच दुसऱ्या धातूचं पांघरूण घाले, म्हणजे ताक आणि चिंच तांब्याजस्तापर्यंत पोचणारच नाहीत. मी ज्याला डाग म्हणून काढायला निघाले होते, तेच त्या पातेल्याचं संरक्षण होतं.

चांदीकडे वळताना म्हणून मी आधी वाचलं. चांदीचा काळेपणा ऑक्सिजनमुळे येत नाही, गंधकामुळे येतो. हवेत अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. अंडी, कांदा, लोकर, रबर यांतही गंधक असतं. त्यातून चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर येतो. चिंच-लिंबाला तो दाद देत नाही. दंतमंजनानं घासून निघतो, पण त्यात थर जातोच आणि खालच्या चांदीवर ओरखडे उठतात. निरांजनांवर चांदीचा नुसता मुलामा असेल तर काही दिवसांनी खालचं पितळच वर येतं. याला दुसरा एक मार्ग आहे. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद भांड्याच्या तळाशी पसरायचा, त्यावर निरांजनं ठेवायची, चमचाभर खायचा सोडा टाकायचा आणि उकळतं पाणी ओतायचं. मी ओतलं. कुजलेल्या अंड्यासारखा दर्प आला, कागद काळवंडला आणि निरांजनं माझ्या डोळ्यांदेखत पांढरी होत गेली. हात न लावता.

मी इतकी थक्क झाले की भाची शाळेतून येईपर्यंत मला धीर धरवेना. ॲल्युमिनियम चांदीपेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील. सोडा त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा चिवट थर काढून त्याला उघडं करतो. मग ॲल्युमिनियमकडून चांदीकडे इलेक्ट्रॉन जातात, गंधक चांदीला सोडतं, आणि चांदी पुन्हा चांदी होते. याला क्षपण म्हणतात. इथे बंबासारखं धातू विरघळून पाण्यात जात नाही. सल्फाइडमध्ये अडकलेली चांदी बऱ्याच अंशी जागच्या जागी परत मिळते. एक निरांजन मात्र काळंच राहिलं होतं. भाचीनं आल्या आल्या ते उचलून खाली पाहिलं. ते तिरपं कलंडलं होतं, कागदाला नीट लागलंच नव्हतं. इलेक्ट्रॉनना जायला वाट हवी, धातूला धातू टेकायला हवा. तिनं ते सरळ कागदावर ठेवलं, गरम पाणी घातलं, आणि तेही उजळलं. मला वाटत होतं की सगळी जादू पाण्यात आहे.

अत्तरदाणी त्या पाण्यात घालायची नाही हे मात्र मी आपण होऊन ठरवलं. तिच्या कळीवर वेलबुट्टी आहे आणि वेलीच्या खाचांमधला काळेपणा गेला तर नक्षी सपाट दिसेल. उंचवटे मऊ फडक्यानं पुसले आणि खाचा तशाच ठेवल्या. काळं ठेवण्याचा हा माझा पहिला निर्णय.

त्यामुळे नाण्यांच्या डबीपाशी हात थांबला. डबीत एक शिवराई होती: गडद तपकिरी, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं अर्धवट दिसणारी. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळापासून चाललेलं हे तांब्याचं नाणं पुढे पेशवाईतही पाडलं जात होतं, त्यामुळे आमचं नेमकं कधीचं हे मला सांगता येणार नाही. वाटीत चिंच-मीठ तयारच होतं. पण खिळा आठवला. चिंचेनं जाणारा थर म्हणजे त्या नाण्याचाच वरचा पापुद्रा, आणि अक्षरं आहेत ती त्याच पापुद्र्यात.

असा पापुद्रा किती मोलाचा असतो याचं उदाहरण आमच्या सिन्नर तालुक्यातलंच. गोदावरी-दारणा संगमापाशी असलेल्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता: १३,००० हून अधिक नाणी, क्षहरात राजा नहपानाची. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपले छाप मारलेले आहेत. नहपानाचा पराभव केल्यावर त्यानं ती नाणी वितळवली नाहीत. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह उमटवून चलनात परत आणली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्यावर १९०८ साली निबंध लिहिला. नहपान आणि गौतमीपुत्र समोरासमोर होते, दोघांमध्ये फार काळ गेलेला नव्हता, हे या साठ्यामुळे ठामपणे म्हणता आलं. आता हा सगळा पुरावा किती जाड आहे याचा विचार करा. नाणं साधारण दोन ग्रॅमचं. त्यावर खालच्या छापाच्या पुसट रेषा आणि वरचा छाप, दोन्ही वाचता यायला हवेत. कुणी चमकवायच्या हौसेनं ती नाणी घासली असती तर आधी नाहीसा झाला असता तो खालचा, पुसट नहपान, आणि त्याच्याबरोबर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातला एक दुवा. मी सिन्नरची सून होऊन इतकी वर्षं झाली आणि जोगलटेंभीला सणावाराला गेलेलीही आहे. हा साठा तिथला, हे मला शिवराईच्या निमित्तानं वाचताना समजलं.

जुन्या तांब्याला मीठ लावू नये याला आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात गंभीर वाटलं. क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत शिरून राहिला तर ओलाव्यात त्याची अभिक्रिया पुनःपुन्हा चालू राहते. फिकट हिरवी भुकटी येते, ती झटकली की खालून पुन्हा येते आणि वस्तू आतून पोखरत जाते. संग्रहालयांत तिला ब्राँझ डिसीज म्हणतात, धातूचा रोगच मानतात. रोजच्या वापरातला तांब्या आपण खळखळून धुतो, वापरतो, पुन्हा घासतो, म्हणून तिथे ही भीती फारशी नाही. खाचाखोचांचं, शेकडो वर्षांचं नाणं मात्र मिठापासून दूर ठेवायचं. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज. शिवराई कोरड्या कागदात गुंडाळून ठेवली आहे. तिथल्या जाणकारांना दाखवल्याशिवाय तिला पाणीसुद्धा लागणार नाही.

आता कात्री. सिन्नर विड्यांचं गाव. सासूबाईंनी तरुणपणी घर सांभाळून विड्या वळल्या. भिजवलेलं टेंभुर्णीचं पान पत्र्याच्या मापावर धरून या कात्रीनं कापायचं. गंज काढायला व्हिनेगर चालतं हे मी ऐकलं होतं, म्हणून मूठ आणि सांध्याचा खिळा त्यात बुडवला. तांबडा गंज सैल झाला, बारीक बुडबुडे आले, खालून राखाडी लोखंड दिसलं. बाहेर काढून धुतलं आणि चहा ठेवायला आत गेले. परत येईपर्यंत त्यावर नवा केशरी गंज. उघडं, ओलं लोखंड इतकीही वाट पाहत नाही. पुन्हा साफ केलं, सोड्याच्या पाण्यातून काढलं, फडक्यानं पुसलं, तव्यावर जरा गरम केलं आणि लगेच तेलाचं बोट फिरवलं, तेव्हा ते टिकलं. पात्याचा काळा रंग मात्र व्हिनेगरच्या ओघळानं जिथे पुसट झाला तिथेच दुसऱ्या दिवशी गंजाचा ठिपका आला. बाकी पातं, इतकी वर्षं माळ्यावर पडूनही, काळं आणि जवळजवळ निरोगी. टेंभुर्णीच्या पानात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड मिळून निळसर काळं संयुग होतं. हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून काळी शाई करत, तीही याच अभिक्रियेनं. गंजलेल्या जुन्या लोखंडावर आजही टॅनिक आम्ल लावून थर देतात. हजारो पानं कापता कापता त्या पात्याला तोच थर बसत गेला असणार. मी सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पात्याचं काळं आम्ही कधी काढलंच नाही. काढलं की कात्री रुसते.” त्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांना हे माहीत होतं.

किटलीला कमी वेळ लागला. धुण्याचा सोडा गरम पाण्यात टाकून किटली भरली. आत फेस उसळला आणि ॲल्युमिनियम आणखी काळं पडलं. सोड्यानं ऑक्साइडचा थर काढला की ॲल्युमिनियम पाण्याशीच भिडतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, तोच हा फेस. खायच्या सोड्याचा जो गुण निरांजनांच्या वेळी कामाला आला, तोच गुण धुण्याच्या सोड्यात इथे घातक ठरला. किटली ओतून टाकली आणि चिंचेचं पाणी उकळून घेतलं, ती बरीच उजळली.

याच सुमारास बंबाच्या तोटीच्या हट्टी हिरव्या डागावर संडास धुण्याचं आम्ल लावून पाहावं आणि मग पांढरेपणासाठी ब्लीच, असा विचार माझ्या डोक्यात आला होता. बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायची सवय या उद्योगानं लागली, म्हणून वाचलं. पहिलीत हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीत सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्यानं सोडला होता तोच हा वायू, फुप्फुसांना जाळतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. दोन्ही बाटल्या आमच्याकडे एकाच फळीवर शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी ब्लीचची बाटली उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली आणि घरातल्या प्रत्येकाला, धुणीभांडी करणाऱ्या ताईंनाही, का ते समजावून सांगितलं. बाकीचं काही विसरलं तरी चालेल, पण हे प्रत्येक घरात माहीत असायलाच हवं.

शेवटी राहिला बंबाचा आतला भाग. हात जेमतेम जातो. बोटाला पांढरा, खडबडीत थर लागला. तांबं हिरवं होतं, काळं होतं, हे आता मला ठाऊक होतं. पांढरं कसं होईल? भाचीनं एक कपची खरवडून त्यावर लिंबू पिळलं, तर ती फसफसली. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं तापत राहिलं, त्यातला कॅल्शियम कार्बोनेट तळाला बसला. सिन्नरजवळच्या माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांनी उभारलेलं गारगोटी संग्रहालय आहे. तिथे दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले कॅल्साइटचे मोठे स्फटिक मी काचेआड पाहिले होते आणि नाव वाचून पुढे गेले होते. कॅल्साइट म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट. आमच्या बंबात तोच पदार्थ, फक्त घाईत बसलेला आणि देखणेपणा नसलेला.

हा थर खरोखर परका. तो बंबाचा भाग नाही, पाण्यानं आणून ठेवलेला आहे, आणि म्हणून तो निश्चिंतपणे काढता येतो. तरीही एक काळजी घ्यावी लागली. लिंबाचं पाणी आत ओतलं की ते आधी या पांढऱ्या थरावर खर्च होतं. तो संपला की तेच पाणी, हवेच्या साथीनं, तांब्याकडे वळणार. म्हणून मी बंबाला कान लावून बसले. फसफस ऐकू येत होती तोवर आत ठेवलं. ती थांबली तशी तोटी सोडून सगळं पाणी काढून टाकलं, राखेचं पाणी फिरवलं, दोनदा धुतलं आणि बंब उन्हात उपडा घातला.